विजेचा षड्ज

१९४० सालच्या मार्च महिन्यात त्या वेळच्या ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. आमच्या बेळगावकडच्या वाचकांना हे सांगताना थोडे ओशाळल्यासारखे होते, कारण हा भागच पेटीवाल्यांचा. विठ्ठलराव कोरगावकर इथले, २०१० साली गेलेले पं. रामभाऊ विजापुरे इथले. त्यांच्या शिष्यांनी आणि शिष्यांच्या शिष्यांनी साथ केलेल्या मैफली ऐकतच आमची पिढी लहानाची मोठी झाली. तरीही ती बंदी तीस वर्षांहून अधिक काळ टिकली आणि १९७१ साली काही अटींवर सैल झाली. बंदीमागचे म्हणणे असे की, हे वाद्य परके, त्याचे स्वर कायमचे ठोकून बसवलेले, त्यातून मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत. रवींद्रनाथ ठाकूरांनाही ही पेटी नकोशी होती. म्हणणे अगदीच चुकीचे होते असे नाही. पेटीवर षड्जावरून गांधारावर जायचे तर मधल्या पट्ट्या ओलांडून उडीच मारावी लागते. गळा घसरत जातो तशी पेटी घसरत नाही.

ही बंदी अजून पुरती उठलेली नव्हती, त्याच सुमारास, १९६९ साली, अहमदाबादच्या एका सरकारी संस्थेत अमेरिकेहून आणलेले एक यंत्र सुरू झाले. त्याला ना तार, ना भाता, ना कातडे. विजेच्या दाबावर चालणारे ते यंत्र हवी तेवढी मींड घेऊ शकत होते. परके म्हणावे तर पेटीपेक्षा कितीतरी परके, आणि तरी पेटीवरचा मुख्य आक्षेप त्याला लागूच पडत नव्हता. या यंत्रावर आपल्याकडच्या माणसांनी १९६९ ते १९७२ या काळात जे संगीत केले, ते पन्नास वर्षे जवळजवळ कोणी ऐकले नाही. २०२३ साली ते लंडनहून ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले. 'द एनआयडी टेप्स' असे तिचे नाव. पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने ती मला फोनवर पाठवली. मी इतिहासाचा माणूस, गाण्यातले कळते ते ऐकणाऱ्याला कळते तेवढेच. परंतु ही हकीकत गाण्याइतकीच इतिहासाची आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

हकीकतीची सुरुवात यंत्रापासून होत नाही, एका मुलीपासून होते. अहमदाबादच्या साराभाई घराण्यातल्या गीता साराभाई. कॅलिको मिलचे हे घराणे, विक्रम साराभाई त्यांचे भाऊ. गीताबेन हिंदुस्थानी संगीत शिकलेल्या, आणि ज्या काळात बायका पखवाजाला हात लावत नसत त्या काळात पखवाज वाजवणाऱ्या. १९४६ साली, म्हणजे वयाच्या चोविशीच्या आसपास, त्या न्यूयॉर्कला गेल्या. कारण मोठे मजेदार आहे. पाश्चात्त्य संगीताचा आपल्या संगीतावर होत चाललेला परिणाम त्यांना काळजीचा वाटत होता, आणि ज्याची काळजी वाटते ते आधी नीट शिकून घ्यावे असा त्यांचा हिशेब होता. दोन भाषांच्या सीमेवर घर असलेल्या माणसाला या हिशेबाची थोरवी वेगळी सांगायला नको. शेजारच्या भाषेची भीती ती न शिकणाऱ्यालाच जास्त वाटते, हे मी तीस वर्षे वर्गात पाहत आलो आहे.

न्यूयॉर्कमध्ये त्यांची गाठ जॉन केज या तरुण संगीतकाराशी पडली. शिकवणीचे पैसे किती, असे विचारल्यावर केज यांनी पैसे नकोत म्हटले. त्यांनी आपले संगीत गीताबेनना शिकवावे आणि गीताबेननी भारतीय संगीत त्यांना शिकवावे, असा सौदा ठरला. काही महिने हा क्रम चालला. संगीत कशासाठी असते, या केज यांच्या प्रश्नाला गीताबेननी आपल्या गुरूकडून ऐकलेले उत्तर दिले. मन शांत आणि निवळ करावे, म्हणजे त्यात दैवी गोष्टींना शिरकाव होतो, असा त्याचा आशय. केज पुढे आयुष्यभर हे उत्तर लोकांना सांगत राहिले. निघताना गीताबेननी त्यांना रामकृष्ण परमहंसांच्या संवादांचा ग्रंथ भेट दिला. हेच केज पुढे विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य संगीताचे सर्वांत वादग्रस्त नाव ठरले. १९५२ सालच्या त्यांच्या एका रचनेत वादक पियानोसमोर चार मिनिटे तेहेतीस सेकंद बसतो आणि एकही स्वर वाजवत नाही. आमच्याकडे हे ऐकून लोक हसतात. हसावे, हरकत नाही. पण त्या मौनामागे अहमदाबादच्या एका पखवाजवादक मुलीचे बोट थोडेसे तरी आहे, हेही लक्षात असू द्यावे. ती रचना पहिल्यांदा न वाजवणारा, म्हणजे पियानोसमोर बसणारा, वादक होता डेव्हिड ट्यूडर. हे नाव पुढे लागणार आहे.

आता संस्था. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात आपल्या साध्या लोट्याची त्यांनी मनापासून तारीफ केली आहे, म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्या अहवालातून १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. गीताबेनचे भाऊ गौतम आणि बहीण गिरा हे तिचे आधारस्तंभ. खुर्ची, कापड, अक्षर, छायाचित्र हे सारे तिथे शिकवले जाई. ध्वनीही घडवायचीच वस्तू आहे, मग तोही का नको, असा विचार तिथे निघाला तर त्यात नवल नाही. १९६४ साली मर्स कनिंगहॅम यांची नृत्यमंडळी जगाच्या दौऱ्यावर असताना अहमदाबादला साराभाईंकडे येऊन गेली होती. तिच्याबरोबर केज होते आणि ट्यूडरही होते. तेव्हा ओळख जुनीच.

१९६९ साली ट्यूडर पुन्हा आले, या वेळी मूग सिंथेसायझर घेऊन. काही महिने राहून त्यांनी ते यंत्र बसवले आणि इथल्या मंडळींना शिकवले. हे सालही पाहण्यासारखे आहे. जुलैत माणूस चंद्रावर उतरला. १५ ऑगस्टला इस्रोची स्थापना झाली आणि तिची धुरा गीताबेनच्याच भावाकडे आली. एकाच घरातला एक भाऊ अग्निबाणाचा विचार करतो आहे आणि बहीण विजेच्या स्वराचा, असे ते वर्ष होते.

हे मूग यंत्र म्हणजे काय, हे दोन शब्दांत सांगतो. रॉबर्ट मूग या अमेरिकन अभियंत्याने ते १९६४ च्या सुमारास तयार केले. १९६८ साली वेंडी कार्लोस यांनी त्याच्यावर बाखचे संगीत वाजवून ध्वनिमुद्रिका काढली आणि ते जगभर गाजले. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वायरी एका भोकातून काढून दुसऱ्यात खुपसणारी बाई ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी तसाच फळा डोळ्यांपुढे आणावा. एक खण विजेची थरथर निर्माण करतो, तो मूळ सूर. दुसरा त्यातली धार कमी-जास्त करतो, तिसरा आवाज उमटण्याची आणि विरण्याची चाल ठरवतो. वायरीने हे खण एकमेकांना जोडायचे. जोडणी बदलली की वाद्य बदलले. आणि सूर उंच करायचा तर विजेचा दाब वाढवायचा, एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर. आता एका व्होल्टचे बारा समान तुकडेच करा असे वीज काही सांगत नाही. पट्ट्यांचा फलक जोडला तर पेटीसारखे बारा स्वर निघतील. नुसते बटण हळूहळू फिरवले तर सूर षड्जापासून तार षड्जापर्यंत सलग सरकत जाईल, मधल्या साऱ्या श्रुतींना स्पर्श करत. रेडिओवर पेटीला बंदी, कारण तिला मींड येत नाही, आणि अहमदाबादेत मींडेचे यंत्र! आकाशवाणीच्या कोणा अधिकाऱ्याने तेव्हा ते ऐकले असते तर त्याने काय निकाल दिला असता, याची मला फार उत्सुकता आहे.

त्या खोलीत काम करणाऱ्यांची नावे आता ध्वनिमुद्रिकेवर छापलेली आहेत. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा, आणि स्वतः ट्यूडर. यांतले अतुल देसाई शास्त्रीय गायक, कुमुदिनी लाखियांच्या कथ्थक रचनांना पुढे त्यांनी संगीत दिले. म्हणजे यंत्राशी झटणाऱ्यांत ज्याचा गळा रियाजाने तयार झालेला आहे असा माणूसही होता. त्यांनी केलेली काही ध्वनिमुद्रणे १९७० च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनासाठीची आहेत. जोशीपुरांच्या रचनेचे नाव 'स्पेस लायनर २००१', तेव्हा एकतीस-बत्तीस वर्षे दूर असलेल्या सालाकडे निघालेले यान. माथुरांनी एका रचनेला 'माय बर्ड्स' म्हटले आहे, दुसरीला 'वन्स आय प्लेड अ तानपुरा', म्हणजे एकदा मी तानपुरा वाजवला होता. हे दुसरे नाव वाचून मी बराच वेळ थांबलो. यंत्रासमोर बसलेल्या माणसाला हाताखालचा तानपुरा आठवतो, ही गोष्ट मला त्या साऱ्या संचात सर्वांत जवळची वाटली.

ऐकायला कसे आहे? खरे सांगायचे तर एकसारखे नाही. ट्यूडर यांचे तुकडे कठीण आहेत. टेपचाच आवाज टेपमध्ये परत सोडून घोंगावत ठेवलेला, त्यात धरून राहायला काही सापडत नाही, आणि ज्याला दहा मिनिटांत ठेका हवा त्याने तिकडे फिरकू नये. काही तुकडे सरळ सरळ सरावाचे आहेत, शिकाऊ मुलाने पाटीवर गिरवावे तसे. पण शर्मांचे 'डान्स म्युझिक' या नावाचे तुकडे लागले आणि मी खुर्चीत सरळ झालो. नुसत्या विजेच्या थापा, त्यांची एक गुंफण, आणि ती हळूहळू बदलत जाते. आज तरुण मुले ज्याच्यावर रात्र रात्र नाचतात त्या संगीताचा सांगाडा इथे १९७० च्या आगेमागे तयार आहे.

आमच्या शाळेचे संगीतशिक्षक, ज्यांना सगळी शाळा बुवा म्हणते, त्यांना मी हे मधल्या सुट्टीत ऐकवले. त्यांचे उभे आयुष्य तबला-पेटीत गेले. डोळे मिटून त्यांनी दोन तुकडे पुरते ऐकले, बोटांनी टेबलावर मात्रा मोजल्या, मग म्हणाले, "सर, गाणं हे नव्हे की ओ. पण बेसूर म्हणवत नाही." याहून नेमका अभिप्राय मी कुठल्याही परीक्षणात वाचलेला नाही. मग त्यांनीच विचारले, "हे लोक पुढे काय झाले?"

काय झाले? १९७२ च्या सुमारास तो उद्योग थांबला. साराभाई भावंडांचा संस्थेच्या कारभाराशी असलेला संबंध त्याच काळात सुटत गेला. विक्रम साराभाई ३० डिसेंबर १९७१ ला अकस्मात वारले होते. असल्या खोलीला पैसा कशाला, असा प्रश्न विचारणारे प्रत्येक संस्थेत असतात आणि त्यांची पाळी कधी ना कधी येतेच. टेपा कपाटात गेल्या. संगीताच्या इतिहासाच्या पुस्तकांत या खोलीला ओळसुद्धा मिळाली नाही. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे परदेशातून आलेला गोंगाट, असे मी स्वतःही अनेक गॅदरिंगांच्या भाषणांत ऐकले आहे. तो बोलणारा चुकीचे बोलत होता, पण त्याला बरोबर सांगणारे पुस्तकही नव्हते.

पॉल पुर्गस हा भारतीय वंशाचा लंडनचा कलावंत. त्याने या स्टुडिओचा माग काढला, अहमदाबादेत येऊन संस्थेच्या संग्रहात २५ हून अधिक स्पूल शोधून काढल्या, त्यांचे डिजिटल रूपांतर करवले, २०२० साली बीबीसी रेडिओवर त्यावर कार्यक्रम केला आणि तीन वर्षांनी ध्वनिमुद्रिका आणली. या सालांकडे पाहा. करायला तीन वर्षे लागली, कपाटातून बाहेर यायला पन्नास.

हा एकटाच प्रसंग असता तर योगायोग म्हणून सोडून दिला असता. पण मुंबईचे चरणजित सिंग यांचेही असेच झाले. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार आणि इतर वाद्ये वाजवणारा हा माणूस. १९८२ साली त्यांनी जपानी रोलँड कंपनीची तीन यंत्रे जमवून एच.एम.व्ही.साठी एक तबकडी केली, 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. दहा राग, आणि सगळ्यांखाली यंत्राचा अखंड ठेका. तबकडी खपली नाही. ज्यांना राग हवा होता त्यांना डिस्को नको होता आणि डिस्कोवाल्यांना राग. दोन घरांत पाय असलेल्याची गत अशी होते, हे सीमेवरच्यांनी सांगायला हवे असे नाही.

त्यांच्या यंत्रांतले एक छोटेसे, एकट्या गिटारवाल्याला साथीचा खर्ज मिळावा म्हणून बनवलेले होते. ते बाजारात चालले नाही आणि १९८४ साली कंपनीने बंद केले. पुढे शिकागोच्या तरुण कृष्णवर्णीय मुलांनी ते जुन्या बाजारातून स्वस्तात घेतले आणि १९८७ साली त्यातून 'ॲसिड हाउस' नावाचे नवे संगीत जगापुढे आले. त्याच्या आधी पाच वर्षे मुंबईत तेच यंत्र भैरव वाजवत होते! शिकागोच्या मुलांना चरणजित सिंगांचा पत्ता नव्हता, सिंगांना त्यांचा नव्हता. एडो बौमन या डच संग्राहकाला ही तबकडी २००२ साली दिल्लीत सापडली, २०१० साली त्याने ती पुन्हा काढली, आणि सत्तरी गाठलेला हा माणूस युरोपच्या रंगमंचावर जाऊन पुन्हा तेच राग वाजवू लागला. २०१५ च्या जुलैत तो मुंबईत वारला. माझ्या मते या तबकडीतला कलावंती सगळ्यांत चांगला उतरला आहे. ललत मात्र ठेक्याच्या घाईत हरवतो. त्या रागाला पहाट लागते, आणि यंत्राला पहाट माहीत नाही.

इथे मिरजेची आठवण होणे अपरिहार्य आहे. विजेच्या सुराने आपल्या घरांत चोरपावलांनी प्रवेश केला तो डिस्कोतून नव्हे, तानपुऱ्यातून. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी केली, मग तानपुऱ्याची डबी आली, आणि आता ती फोनमध्येच शिरली आहे. क्लासला जाणाऱ्या ज्या मुलीला भोपळ्याचा तानपुरा बसमध्ये नेणे शक्य नाही, तिच्यावर या डबीचे उपकारच आहेत. पण जवारी नावाची गोष्ट डबीत नसते. घोडीवर तारेखाली कापसाचा दोरा सरकवत सरकवत, तार जिथे बोलायला लागते तिथे तो थांबवायचा, हे मिरजेच्या सतारमेकरांच्या पिढ्यांचे कसब. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, हे छान झाले. सुळेभावीत जन्मलेले आणि पुढे देवासला स्थायिक झालेले कुमार गंधर्व तानपुरे लावण्यात केवढा जीव ओतत, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना डबी कधीच पुरणार नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, तानपुऱ्याची नक्कल करणारे यंत्र आणि तानपुरा आठवणारे यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले सोयीचे, दुसरे ऐकण्याचे.

दुसऱ्या जातीचे आजही कोणी करते का, असे वाचक विचारतील. करतात. अमेरिकेत राहणारी आरुषी जैन ही तरुणी लहानपणी हिंदुस्थानी गायन शिकली, मग संगणकशास्त्र शिकली. ती वायरींच्या जुन्या पद्धतीच्याच यंत्रावर स्वतःच्या आवाजासह राग मांडते. २०२१ ची 'अंडर द लायलॅक स्काय' संध्याकाळच्या रागांची आहे, सूर्यास्ताच्या वेळी ऐकावी अशी तिची अपेक्षा. २०२४ ची 'डिलाइट' बागेश्रीवर आहे. यात बंदिश, आलाप, तान असे शोधत बसू नये, निराशा होईल. बागेश्रीतला तो मध्यम नुसता कितीतरी वेळ हवेत ठेवला तर काय होते, एवढेच ऐकावे. गीताबेन २०११ साली गेल्या. त्यांच्या कानावर हे पडायला हवे होते असे मला वाटते.

ज्यांना ऐकायचे असेल त्यांना एक सूचना. फोनच्या बारक्या कर्ण्यावर यातले काहीच कळणार नाही, खर्ज पार नाहीसा होतो. चांगले स्पीकर नाहीतर कानाला लावायचे हेडफोन घ्यावेत. आधी चरणजित सिंग, मग शर्मा आणि माथुर, मग आरुषी जैन. ट्यूडर शेवटी, आणि घरात दुसरे कोणी नसताना.

दुसरी सूचना कपाटांविषयी. आमच्या भागातल्या किती घरांत, किती मंडळांत आणि वाचनालयांत गणेशोत्सवातल्या मैफलींच्या, नाट्यगीतांच्या, कीर्तनांच्या स्पूल आणि कॅसेटी पडून आहेत, याची मोजदाद कोणी केलेली नाही. एका संस्थेने, नाव घेत नाही, जुन्या गायनाच्या टेपा पुसून त्यांवर सत्कार समारंभांची भाषणे भरली, कारण नवी टेप विकत घ्यायला मंजुरी नव्हती. ते गायन कोणाचे होते हे सांगणारे म्हातारे माझ्या माहितीत दोघेच उरले होते, आता एकच. टेपेला आमच्या पावसाळ्याची ओल चालत नाही, बुरशी धरते. बुरशी दिसली तर ती टेप यंत्रात घालून चालवून पाहू नये, एका फेरीत उरलेसुरले खरवडून निघते. ती आधी जाणत्या माणसाकडून साफ करून घ्यावी आणि मगच डिजिटल करून घ्यावी. स्पीकरच्या लोहचुंबकापासून दूर, उभ्या ठेवाव्यात.

बुवांनी ती ध्वनिमुद्रिका ऐकल्यावर आठवड्याभराने घरातून एक पत्र्याची पेटी शाळेत आणली. आत त्यांच्या वडिलांनी भरलेल्या अकरा स्पूल. प्रत्येकीच्या खोक्यावर निळ्या शाईत तारीख आहे, रागाचे नाव आहे, साथीला कोण हेही आहे. गायकाचे नाव मात्र एकाही खोक्यावर नाही. ते तेव्हा सगळ्यांना ठाऊकच होते.